खालच्या मजल्याची नोंदवही

लाइपझिग, ६ सप्टेंबर १९९८

प्रिय वालबुर्गा आत्या,

नाताळच्या कार्डानंतर तुला पत्र लिहिलं नाही, त्याबद्दल आधी क्षमा मागते. फोन दोनदा केला होता. तू उचलला नाहीस.

एक गोष्ट तुला न सांगता चालू ठेवणं मला बरोबर वाटत नाही. मी पुन्हा पियानो वाजवायला लागले आहे. सतरा वर्षांनी. मी चौदा वर्षांची असताना तुझं पत्र बाबांनी जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं होतं: ‘गेझिनेच्या बोटांत संगीत नाही. तिचा आणि माझा वेळ यापुढे वाया घालवू नये.’ त्या दिवसापासून मी पट्ट्यांना हात लावला नव्हता. तुझ्या निर्णयाविरुद्ध वागायचं तर तुला कळवून वागावं, म्हणून हे पत्र.

पियानो आमच्या ऑफिसातल्या फ्राउ झाइबट बाईंच्या आईचा आहे. आई वृद्धाश्रमात गेल्या, तिथे पियानोला जागा नव्हती. चार माणसांनी तो माझ्या चौथ्या मजल्यावर चढवला. तिसऱ्या मजल्यावर जिन्याचा कठडा थोडा खरचटला. ते मी सोसायटीला लेखी कळवलं आहे.

पियानो येण्याच्या आदल्या आठवड्यात जिन्यात सूचना लावली: ‘१ सप्टेंबरपासून मी कामाच्या दिवशी संध्याकाळी पाच ते सात आणि रविवारी सकाळी अकरा ते एक या वेळात पियानोचा सराव करणार आहे. कोणाला त्रास होत असल्यास कृपया कळवावे. गे. फॉस, चौथा मजला.’ आमच्या घरनियमात दिवसाला दोन तास चालतात. दुपारी एक ते तीन पूर्ण शांतता.

तू आम्हा सगळ्या भावंडांसाठी हाताने लिहिलेली निळी वही माझ्याकडे अजून आहे. त्यातला बारावा धडा घेतला आहे, तेव्हा तिथेच थांबले होते म्हणून. तिसऱ्या ओळीत काहीतरी चुकतं. काय, ते कळत नाही.

तुझी भाची
गेझिने


श्ट्रालझुंड, १३ सप्टेंबर

गेझिने,

तुझं पत्र पोचलं. वाचताना मला वाटलं, पोलिसांना लिहिलेलं चुकून माझ्याकडे आलं.

तू काय केलंस, ते तुला कळलंय का? साऱ्या जिन्याला लेखी निमंत्रण दिलंस, की या आणि माझ्याबद्दल तक्रार करा. ज्याला पियानो ऐकूही आला नसता, तो आता पाच वाजता घड्याळ घेऊन बसेल. लोक पियानो आणतात, वाजवतात, शेजारी ओरडले की खिडकी लावतात. आमची गेझिने शेजाऱ्यांनी ओरडायच्या आधीच कान पुढे करते.

फोनचं म्हणशील, तर मी तो उचलत नाही आणि उचलणारही नाही. फोनवर माणसं विचार न करता बोलतात. कागदावर निदान शाई वाळेपर्यंत तरी विचार होतो.

बाराव्या धड्याच्या तिसऱ्या ओळीत काहीतरी चुकतं म्हणतेस. वजनमापं तपासणाऱ्या कचेरीत नोकरी करतेस ना? बाजारातल्या भाजीवालीने ‘काट्यात काहीतरी चुकतं’ एवढंच सांगितलं, तर तू काय करशील? नीट लिही. कुठे चुकतं, कधी चुकतं, किती चुकतं.

माझा जुना निर्णय जुनाच आहे. पण एकतिसाव्या वर्षी माणसाने स्वतःचा वेळ वाया घालवायचा ठरवला, तर आत्या काय करणार?

वा.


लाइपझिग, २७ सप्टेंबर

प्रिय आत्या,

तू म्हणालीस तसंच झालं. खालच्या मजल्यावर श्री. क्नाउअर राहतात. रेल्वेतून निवृत्त झाले आहेत, जंक्शनवर गाड्यांच्या वेळा सांभाळायचे. त्यांनी माझ्या पियानोची नोंदवही सुरू केली आहे. सोसायटीकडे तक्रारही केली आहे. १९ नोव्हेंबरला कमिटी बसेल आणि पियानो इथे राहील की नाही ते ठरवेल. नियम एकदा जरी मोडला असेल, तर पियानो हलवावा लागेल, असं नोटिशीत आहे. तो ठेवायला माझ्याकडे दुसरी जागा नाही. आत्या, या वेळी थांबले तर मी पुन्हा सुरू करणार नाही, एवढं मला माझ्याबद्दल माहीत आहे.

श्री. क्नाउअर वाईट नाहीत. दर शुक्रवारी नोंदवहीच्या त्या आठवड्यातल्या पानांच्या प्रती माझ्या टपालपेटीत टाकतात. परवा जिन्यात भेटले. मी म्हटलं, “तुम्हाला त्रास होतो, मला फार वाईट वाटतं.”

ते म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नका. वेळेवर सुरू करा. मंगळवारी तुम्ही पाच वाजून चार मिनिटांनी सुरू केलंत.”

“त्याने तुम्हाला बरं वाटलं नाही का? चार मिनिटं शांतता जास्त.”

“मी पाचपासून बसलो होतो,” ते म्हणाले. “चार मिनिटं नुसता बसून.”

त्यांना संगीत कळत नाही, हे ते स्वतःच सांगतात. सगळं रेल्वेच्या भाषेत लिहितात. हा नमुना:

‘मंगळवार, २२.९. ठरलेली वेळ १७.००, प्रत्यक्ष १७.०४. सुटल्यावर अंदाजे चाळीस सेकंदांनी विनाकारण थांबा. मागे येऊन पुन्हा सुटणे. तोच थांबा. असे एकोणीस वेळा. दोन गाड्या धावताना ऐकू येतात, एक हलकी (वरच्या आवाजाची), एक जड (खालच्या आवाजाची). थांब्याच्या ठिकाणी जड गाडी अर्धा सेकंद उशिरा येते आणि येताना धडकते. उपद्रव: मध्यम.’

तू ‘नीट लिही’ म्हणालीस. मला स्वतःला यापेक्षा नीट लिहिता आलं नाही.

तुझी
गेझिने


श्ट्रालझुंड, १ ऑक्टोबर

गेझिने,

चाळीस वर्षं मी मुलांना शिकवलं. त्यांच्या आया माझ्याकडे येऊन ‘किती गोड वाजवतो ना’ म्हणायच्या. तुझ्या क्नाउअरसारखं एकीलाही ऐकता आलं नाही.

आता ऐक. जड गाडी म्हणजे डावा हात. चाळीस सेकंदांवर तिसरी ओळ लागते, तिथे डाव्या हाताला खाली मोठी उडी आहे. तो उशिरा येतो आणि धडकतो, कारण उडीच्या आधीच्या स्वरावर तू अनामिका ठेवतेस. तिथे अंगठा हवा, म्हणजे हात आधीच खाली सरकलेला असतो. शिवाय तू त्या वेळी उजव्या हाताकडे बघतेस. उजवा हात पळून जाणार नाही. डावीकडे बघ.

एकोणीस वेळा तीच चूक तशीच्या तशी करणं याला सराव म्हणत नाहीत. ती चूक पाठ करणं झालं. तू चौदा वर्षांची असतानाही असंच करायचीस, जीभ बाहेर काढून.

नोंदवहीचं प्रत्येक पान मला पाठव. गाळू नकोस, सुंदर अक्षरात उतरवत बसू नकोस. प्रतीची प्रत काढ आणि टाक पेटीत. तू कसं वाजवलंस ते तू स्वतः लिहू नकोस. तू फक्त किती वाईट वाटलं ते लिहितेस.

वा.


लाइपझिग, १८ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

सोबत तीन आठवड्यांची सात पानं आहेत. अंगठ्याने थांबा गेला. श्री. क्नाउअर यांनी ९ तारखेला लिहिलं आहे: ‘चाळीस सेकंदांवरचा थांबा रद्द. दोन्ही गाड्या एकत्र. कारण समजले नाही.’ त्याच्या पुढच्या रकान्यात ‘उपद्रव’ लिहिलेलं खोडून जागा रिकामी सोडली आहे.

मला आनंद व्हायला हवा, पण एक अडचण आली आहे. रविवारी, ११ तारखेला, शेवटची ओळ पहिल्यांदाच सलग जमली. मी ती पुन्हा वाजवली. मग पुन्हा. घड्याळ बघितलं तेव्हा एक वाजून नऊ मिनिटं झाली होती. दुपारच्या शांततेतली नऊ मिनिटं मी वाजवलं, आत्या. आणि श्री. क्नाउअर यांच्या नोंदवहीत त्या दिवशी ‘१३.०० समाप्त’ असं आहे. नऊ मिनिटं त्यांच्याकडून सुटली.

आता मी काय करावं? कमिटी त्यांच्या नोंदवहीवरून निर्णय देणार. नोंदवही चुकीची आहे, हे मला माहीत आहे. मी गप्प बसले, तर खोट्या कागदावर पियानो ठेवल्यासारखं होईल. ऑफिसात मी असा काटा पास केला असता का? मी कमिटीला पत्र लिहायला घेतलं आहे.

आणि हे लिहितेच आहे तर आणखी एक. सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. तुझ्याकडच्या शेवटच्या तासाला मी बाराव्या धड्यात मुद्दाम चुकीची पट्टी दाबली. एकदा नाही, तीनदा. आयुष्यातली माझी एकमेव खोडी. माझा भाऊ डेटलेफ मागे बसून हसू दाबत होता. तू खिडकीकडे बघत म्हणालीस, “छान. पुढे.” मला वाटलं, तू दमली आहेस आणि मी तुला फसवलं. घरी येऊन दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी तुला कबुलीचं पत्र लिहिलं. मग चार दिवसांनी बाबांना तुझं पत्र आलं. माझ्या त्या फसवणुकीचा तुला इतका वीट आला की तू त्याच वर्षी सगळ्याच मुलांना शिकवणं सोडलंस, हे मला तेव्हाही कळलं होतं. त्याबद्दल मी तुझी नीट माफी कधी मागितली नाही. आज मागते.

गेझिने


श्ट्रालझुंड, २१ ऑक्टोबर

गेझिने,

कमिटीला पत्र लिहू नकोस. लिहिलं असशील तर पेटीत टाकू नकोस. टाकलं असशील तर पोस्टमनच्या पाया पड.

नऊ मिनिटांनी कोणाचं वजन कमी भरलं? रविवारी दुपारी तुझा क्नाउअर झोपला असेल, नाहीतर मुलीकडे केक खायला गेला असेल. चांगल्या माणसाला देवाने नऊ मिनिटं झोप दिली, तू त्याला उठवून सांगणार, ‘साहेब, तुम्ही झोपलात’?

बाकी जे जुनं लिहिलं आहेस, ते मला आठवत नाही. मुलं चुकीच्या पट्ट्या दाबतच असतात.

पानं वाचली. शेवटच्या ओळीत ‘हलकी गाडी घाट चढल्यासारखी’ असं दोनदा आलं आहे. म्हणजे तू शेवटाला लय ओढतेस. ओढू नकोस. शेवट आला हे ऐकणाऱ्याला कळतं, त्याला हाताला धरून तिथे न्यायची गरज नाही.

वा.


श्ट्रालझुंड, २२ ऑक्टोबर

श्री. क्नाउअर,

आपली ओळख नाही. मी चौथ्या मजल्यावरच्या मुलीची आत्या. तुमच्या नोंदवहीच्या प्रती माझ्याकडे येतात. तुमची तक्रार मला मान्य नाही. तुमची नोंदवही मान्य आहे. फक्त काही गोष्टी तिच्यात राहून जातात:

पायाचा खटका ती दाबते तेव्हा दोन्ही गाड्यांचे आवाज एकमेकांत मिसळून धूर झाल्यासारखा होतो का? होत असेल तर कुठे?

दुसऱ्या पानावर (तुमच्या हिशेबाने दोन मिनिटं दहा सेकंदांनंतर) जड गाडी हलकीला झाकून टाकते, की दोन्ही सारख्या ऐकू येतात?

ती घाबरून वाजवते का? हे कसं ओळखायचं ते तुम्हाला माहीत असावं. नवा ड्रायव्हर सिग्नल हिरवा असतानाही ब्रेक लावतो, तसं.

कृपया लेखी कळवावे.

वालबुर्गा फॉस


लाइपझिग, २ नोव्हेंबर

सन्माननीय फ्राउ फॉस,

आपले २२.१० चे पत्र २४.१० रोजी मिळाले. उत्तरास नऊ दिवस लागले, कारण मुद्द्यांची तपासणी प्रत्येकी तीन दिवस केली.

१. धूर होतो. एक मिनिट वीस ते एक मिनिट तीस या दरम्यान. ३० तारखेपासून कमी आहे.

२. जड गाडी झाकत होती. आता शेजारी शेजारी धावतात. मला हे ऐकायला बरे वाटते की वाईट, ते मी लिहिलेले नाही, कारण त्यासाठी रकाना नाही.

३. होय. सिग्नल हिरवा असतानाही. प्रत्येक वेळी, सुटण्याच्या आधी. मी खालून श्वास धरतो.

एक सूचना करतो. आपल्या भाचीने टेलिफोनचा रिसीव्हर पियानोवर ठेवला, तर आपल्याला हे सगळे थेट ऐकता येईल आणि टपाल वाचेल. हे मी तिला जिन्यात म्हटले. ती म्हणाली, “आत्या फोन उचलत नाही. तत्त्व आहे तिचं.”

आमच्या जंक्शनवर एक सिग्नलमन होता. तोही सगळे लेखी मागायचा. तोंडी निरोप त्याला चालत नसे, तत्त्व म्हणून. आम्हा सगळ्यांना कारण माहीत होते, पण कोणी बोलले नाही. शेवटी त्याला गोदामात बसवले. तिथे त्याने फार चांगले काम केले, मात्र आमच्याशी बोलणे सोडले. मला वाटते, आम्ही आधीच बोलायला हवे होते. आपल्या भाचीला मी काही सांगितलेले नाही.

ताजा कलम: ती म्हणते, ११.१० रोजी तिने एकनंतर नऊ मिनिटे वाजवले. हे खरे नाही. एक्केचाळीस वर्षांत माझ्या नोंदवहीत एकही गाडी सुटलेली नाही.

ह. क्नाउअर


लाइपझिग, २० नोव्हेंबर

प्रिय आत्या,

काल कमिटी बसली. तुझी सूचना मी मानली नाही, पत्र आधीच दिलं होतं. काय झालं ते क्रमाने लिहिते, कारण मला अजून नीट समजलेलं नाही.

अध्यक्ष फ्राउ डॉर्नबुश होत्या. त्यांनी आधी माझं पत्र वाचलं. मग चष्मा काढून मला विचारलं, “फ्राउलाइन फॉस, म्हणजे तुम्ही स्वतः सांगताय, की तुम्ही नियम मोडला?”

“हो. नऊ मिनिटं.”

“पण तक्रार करणाऱ्यांनी तसं म्हटलेलंच नाही.”

“त्यांच्याकडून राहून गेलं.”

तेव्हा श्री. क्नाउअर उभे राहिले. काळा सूट घालून आले होते, रेल्वेचा बिल्ला लावलेला. ते म्हणाले, “राहून गेलेलं नाही. त्या दिवशी तेराच्या ठोक्याला पियानो बंद झाला. मी ऐकलं.”

मी म्हटलं, “माफ करा, पण मी वाजवत होते.”

“तुमचं घड्याळ पुढे असेल.”

“माझं घड्याळ आमच्या ऑफिसच्या प्रमाणघड्याळाशी लावलेलं आहे.”

“मग तुम्ही दुसऱ्या रविवारचं बोलताय.”

“अहो तिसऱ्या मजल्यावरचे,” मागून कोणीतरी त्यांना म्हणालं, “तुमची तक्रार पियानो काढा अशी आहे ना? मग ती कबूल करतेय तर घ्या की.”

श्री. क्नाउअर लाल झाले. “तक्रार माझी आहे,” ते म्हणाले, “आणि ती माझ्या नोंदवहीवर आहे. नोंदवहीत नऊ मिनिटं नाहीत. ही बाई म्हणते ती गाडी धावलीच नाही. माझ्या नोंदीवर विश्वास नसेल तर मी तक्रार मागे घेतो.”

मी म्हटलं की मी साक्षीदार आणू शकते, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्राउ हेंकल जिन्यात भेटल्या होत्या. त्यावर फ्राउ डॉर्नबुश यांनी टेबलावर पेन्सिल आपटली आणि विचारलं, “फ्राउलाइन फॉस, तुम्हाला पियानो हवाय की नकोय?”

आत्या, मला एवढा सरळ प्रश्न कोणी कधी विचारला नव्हता. मी म्हटलं, “हवाय.” आणि माझा आवाज इतका मोठा आला, की मीच दचकले.

निर्णय असा: तक्रारदाराची नोंदवही अचूक असून तिच्यात नियमभंग आढळत नाही. माझा कबुलीजबाब पुराव्याअभावी नामंजूर. पियानो राहतो.

खाली उतरताना श्री. क्नाउअर मला म्हणाले, “रविवारी दुपारी मी झोपत नाही. लक्षात ठेवा.” कोणी तसं म्हटलंही नव्हतं.

आता मी काय करू? पियानो राहिला, पण खोट्या नोंदीवर राहिला. अपिलाची मुदत दोन आठवडे आहे. स्वतः जिंकलेल्या निर्णयाविरुद्ध अपील करता येतं का, ते मी उद्या विचारणार आहे.

गेझिने


श्ट्रालझुंड, २५ नोव्हेंबर

गेझिने,

कोणालाही काहीही विचारायचं नाही. अपील करायचं नाही. बस आणि वाच.

क्नाउअरला तू कबुली दिलीस की तुझ्याकडून चूक झाली, आणि त्यातून उघडं पडलं की तो झोपला होता. त्याने काय केलं? तुला खोटं पाडलं. चारचौघांत, बिल्ला लावून. तुला राग आला नाही, तू घड्याळाची चिंता करत बसलीस. माणूस स्वतःची चूक झाकण्यासाठी दुसऱ्याला खोटं पाडतो, हे तुला तेव्हाही कळलं नाही, आताही कळत नाही. फरक इतकाच, की क्नाउअरच्या खोटेपणात तुझा पियानो वाचला. माझ्या खोटेपणात गेला.

तुझं कबुलीचं पत्र मला नीट आठवतं. डाव्या कोपऱ्यात शाईचा डाग होता. ‘आत्या, मी तीनदा मुद्दाम चुकीची पट्टी दाबली आणि तू छान म्हणालीस, मला शिक्षा कर.’ ते वाचेपर्यंत मी समजत होते, की हल्लीची मुलं हळू वाजवतात. पियानोवाल्याला दोनदा बोलावून, पट्ट्या बसल्यात म्हणून भांडले होते. तुझं पत्र वाचलं, उठले, आणि पियानोची ती पट्टी दाबली. मग शेजारची दाबली. दोघींत मला फरक ऐकू आला नाही. वरच्या अर्ध्या पियानोत मला काहीच ऐकू आलं नाही.

मला दोनांपैकी एक लिहिता आलं असतं. वालबुर्गा फॉस बहिरी होत चालली आहे, किंवा गेझिनेच्या बोटांत संगीत नाही. मी दुसरं लिहिलं. ते एका ओळीत मावलं. उरलेल्या मुलांच्या घरी कळवलं, की माझी कंबर धरते. त्यांच्यापैकी कोणीच मला पकडलं नव्हतं, म्हणून त्यांच्यासाठी कंबर पुरली.

आता मला काहीच ऐकू येत नाही. दार वाजलं की दिवा लागतो, तशी सोय केली आहे. हे क्नाउअरने ओळखलं, त्याने मला नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच लिहिलं. तीन आठवडे मी त्याच्यावर चिडून होते. कागदावर ऐकणारा तो बरा, पण कागदावर दुसऱ्याला ऐकू येतं की नाही हे ओळखणारा माणूस मला आवडत नाही.

तुझ्या पद्धतीनेच लिहिते, म्हणजे तुला समजेल:

मी, वालबुर्गा फॉस, मार्च १९८१ मध्ये माझ्या भावाला लिहिलेलं मत मागे घेते. कारण, तपासणीच्या वेळी तपासणारीला ऐकू येत नव्हतं.

तुला आता वाटेल, मी लिहीन की तुझ्या बोटांत संगीत आहे. ते मी लिहिणार नाही. मला माहीत नाही. तेव्हाही नव्हतं, आता तर मुळीच नाही. अंगठा कुठे ठेवायचा ते मी सांगू शकते.

वा.


लाइपझिग, ६ डिसेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र मागच्या शनिवारी आलं. मला राग आला. तो कितपत योग्य आहे, हे ठरवायला आठवडा गेला, म्हणून उत्तराला उशीर.

योग्य आहे, असं ठरलं. सतरा वर्षं मी समजत होते, की मी तुला फसवलं. बाजारातला काटा खराब असेल तर आम्ही दुकानदाराला नोटीस देतो. पण काटा खराब आहे हे माहीत असून जो त्याच्यावर माल तोलत राहतो, त्याच्या काट्याला आम्ही शिशाचं सील ठोकतो आणि दुकानाबाहेर ठेवतो, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. तुला कुठे ठेवावं, याचा मी पुष्कळ विचार केला. नाताळात मी श्ट्रालझुंडला येते आहे, २३ तारखेला, दुपारी दोनच्या गाडीने. भांडायला येते आहे. मोठ्या अक्षरात लिहून भांडेन. वह्या मी आणते, पेनं तू ठेव.

बाबांना लिहिलेल्या तुझ्या पत्रावर एप्रिल १९८१ अशी तारीख आहे, मार्च नाही. ते माझ्याकडे आहे. मागे घेण्याच्या कागदावर दुरुस्ती करून देशील का?

अपील केलं नाही. मुदत गुरुवारी संपली. संपेपर्यंत मी तीनदा फॉर्म भरला.

श्री. क्नाउअर अजून नोंदी करतात. तक्रार नाही, तरी करतात. शुक्रवारी जिन्यात पान हातात घेऊन उभे होते. मी म्हटलं, “या आठवड्यात नको.”

“काही चुकलं का त्यात?”

“वाचलंच नाही अजून, चुकेल कसं.”

“मग घ्या की. आत्याबाईंना लागेल.”

“आत्याला मी सांगेन,” मी म्हटलं. त्यांना ते आवडलं नाही.

तर सांगते. आज अकरा वाजता बारावा धडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीनदा वाजवला. सुरू करण्याआधी दोनदा घड्याळ बघितलं, पहिल्या ओळीनंतर एकदाही नाही. एक मिनिट वीस सेकंदांवरचा धूर अजून आहे, पाय उचलायला मी उशीर करते. दुसऱ्या पानावर डावा हात थोडा जड पडतो, पण ते मला तसंच आवडतं, म्हणून तसंच ठेवणार आहे. शेवट ओढला नाही.

चांगला झाला. हे मी कोणाला विचारलेलं नाही.

गेझिने